आजारी जनावराला गोठ्यात जागा कुठे?

२०२२ च्या पोळ्यानंतरची गोष्ट. भोकरदन तालुक्यातील एका गावी कपाशीवरील फवारणीचे प्रात्यक्षिक आटोपून परत निघालो होतो. वस्तीवरच्या एका म्हातारबाबांनी हात करून गाडी थांबवली. त्यांच्या गोठ्यात दावणीला पाच जनावरे होती. मधल्या बैलाच्या मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी आणि तोंडातून लाळ. शेजारचा गोऱ्हा त्याच गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होता.

"बाबा, याला आधी वेगळा बांधा," मी म्हणालो.

"कुठं बांधू साहेब? रानात बांधला तर राखण कोण करील? अन् पाऊस आला म्हंजी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पंधरा दिवसांनी गेलो तर बैल कसाबसा उभा राहिला होता, पण गोऱ्हा गेला होता आणि गाईच्या अंगावर गाठी उठल्या होत्या.

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला साधा विस्तार अधिकारी आहे. औषध काय द्यायचे ते पशुधन विकास अधिकाऱ्यांनीच सांगावे. पण औषध लागू पडेपर्यंत जनावर कुठे ठेवायचे, हा प्रश्न बांधकामाचा आणि नियोजनाचा आहे, आणि आपल्याकडे तोच कोणी विचारात घेत नाही. गावचा दवाखाना इंजेक्शन देतो, सलाईन लावतो. मुक्कामाला जनावर ठेवून घेण्याची सोय तिथे सहसा नसते. म्हणजे जनावराचे खरे इस्पितळ आपला गोठाच.

त्या साली ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी दिसली आणि बघता बघता राज्यभर पसरली. सप्टेंबरमध्ये शासनाने सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले, जनावरांचे बाजार बंद झाले. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्याने दोन जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत. रोगाचा संशय आल्यास मालकाने ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवायचे, आणि आजारी जनावर निरोगी जनावरांपासून वेगळे करायचे. पहिली गोष्ट फोनने होते. दुसरीला जागा लागते.

गोठ्यांच्या सरकारी आराखड्यातही ही जागा सापडत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात सहा जनावरांपर्यंतच्या गोठ्याचे माप ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद असे होते. गव्हाण, मूत्राचे टाके, पाण्याची टाकी, सगळे धरलेले. पण सहा जनावरे दावणीला लागली की सातवा खुंटा ठोकायला जागा उरत नाही.

तर मग ही जागा कशी करावी? एका जनावरासाठी १० बाय १२ फूट पुरे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून आजारी जनावराचे छप्पर मुख्य गोठ्याच्या पूर्वेला असावे. अंतर निदान शंभर फूट, जागा असल्यास जास्त. विहिरीच्या वरच्या अंगाला मात्र अजिबात नको. छपराची लांबी पूर्व-पश्चिम धरल्यास उन्हाळ्यात तिरपे ऊन आत शिरत नाही. नुसते पत्रे टाकाल तर जालन्याच्या मे महिन्यात जनावर रोगाने नाही तर उष्म्याने मरेल. पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट पसरून दोरीने बांधावे.

खाली गुळगुळीत कोबा करू नका. अशक्त जनावर त्यावर घसरते आणि पुन्हा उठत नाही. चोपलेला मुरूम चांगला, वर वाळू किंवा भुसकटाचा जाड थर. मागच्या बाजूला ४० फुटाला १ फूट या हिशेबाने उतार द्यावा, म्हणजे १२ फुटात साधारण साडेतीन इंच. मूत्र चरीतून शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. गव्हाण, बादली, घमेले, खराटा, दावे हे सगळे त्या जागेचे वेगळे असावे. नेमके इथेच घोटाळा होतो. बैल वेगळा बांधतात आणि बादली एकच फिरवतात.

लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरते, त्यामुळे नुसती भिंत काही कामाची नाही. चारी बाजूंनी मच्छरदाणीची बारीक जाळी लावावी. शेडनेटच्या छिद्रांतून डास आरामात जातो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, पण वर तुराट्या आहेत हे ध्यानात ठेवून धूर छपराबाहेर करावा. आढ्याला सात-आठ फुटांवर सलाईनसाठी एक हूक आणि एक दिवा लावावा. रात्री अकरा वाजता डॉक्टर येतात आणि कोणी मोबाइलची बॅटरी धरून उभे राहते, हे दृश्य मी कितीदा पाहिले आहे. जवळच दोन भक्कम खांबांचा खोडा असल्यास डॉक्टरचा जीवही वाचतो आणि जनावराचाही.

आता बसलेल्या जनावराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे हयगयीने फार जनावरे जातात. मोठे जनावर एकाच कुशीवर तासन् तास पडले की खालच्या मांडीचा रक्तपुरवठा दबतो आणि मांस मरते. मूळ आजार बरा झाला तरी मग पाय उचलत नाही. म्हणून दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी. भुसा भरलेली पोती दोन्ही बाजूंना लावून छातीवर बसते ठेवावे, आडवे पडू देऊ नये. पाणी तोंडापाशी हवे. उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला ५०-६० लिटर लागते, दुभत्याला त्याहून जास्त. हे सारे दावणीच्या दाटीत करताच येत नाही.

सरपंच आणि भाऊसाहेब, थोडे तुमच्याकडे वळतो. ज्याच्याकडे रान नाही, घरासमोरचे अंगण तेवढे आहे, त्याने काय करावे? आणि मोकाट गुरांना कोण बघणार? तुमच्या गावचा कोंडवाडा एकदा जाऊन बघा. मी पाहिलेल्या बऱ्याच कोंडवाड्यांत बोरी-बाभळी वाढलेल्या आहेत, दाराला कडी नाही. भिंती मात्र उभ्या आहेत. छप्पर, पाण्याची टाकी, खोडा आणि मध्ये आडभिंत घालून दोन भाग केले तर गावाला आजारी जनावरांची जागा मिळते. दोन भाग यासाठी, की पाय मोडलेली किंवा टाके घातलेली गाय लम्पीच्या जनावराजवळ बांधणे म्हणजे दुखण्यात दुखणे. आणि स्वतःचे रान असलेल्याने लम्पीचे जनावर गावातून चालवत कोंडवाड्यात आणू नये. वाटेत सगळ्या गोठ्यांच्या माश्या त्याच्या अंगावर बसतील.

त्याच आवारात, पण गुरांपासून दूर, कुत्र्यासाठी एक लोखंडी पिंजराही असावा. चावलेले कुत्रे पकडता आल्यास १० दिवस नजरेखाली ठेवतात. पिंजऱ्याला दुहेरी दार आणि खालून सरकवता येईल असे ताट हवे, म्हणजे आत हात घालावा लागत नाही. कुत्रे पकडण्याचे काम मात्र माहितगारानेच करावे. आणि माणसाने ते १० दिवस वाट बघत बसू नये. जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

जनावर बरे झाले की जागा लगेच वापरायची घाई नको. लम्पीचा विषाणू वाळलेल्या खपल्यांत महिनाभराहून अधिक टिकतो. वरचा थर खरवडून खोल पुरावा, २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने जमीन व खुंटा धुवावा आणि चार दिवस छपराच्या बाजू उघडून ऊन खेळू द्यावे. नंतर याच जागी बाजारातून आणलेले नवे जनावर २८ दिवस वेगळे ठेवता येते. जनावर मदतीसाठी हलवता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करावी.

त्या म्हातारबाबांनी पुढच्या वर्षी पूर्वेच्या बांधाला छप्पर घातले. मोठ्या हौसेने दाखवायला नेले, तर आत आढ्यापर्यंत कडबा रचलेला. "आजारी पडलं की काढू साहेब," म्हणाले. पावसात रात्री बारा वाजता एवढा कडबा कोण हलवणार, असे विचारल्यावर ते नुसते हसले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा अर्धी गंजी बाहेर निघाली होती आणि कोपऱ्यात खुंटा ठोकलेला होता.