क्लीनर गेला, पाणी राहिलं

पिंपळनेरच्या बाजारातून कांदा भरून निघालेल्या गाडीला घाट चुकत नाही. ताहाराबाद-सटाण्याकडे वळलं तर शेलबारी, नवापूर गाठायचं तर चरणमाळ, आणि साक्रीवरून सुरतेचा महामार्ग धरला तर कोंडाईबारी. सपाटीवर गुमान चालणारी गाडी चढाला लागली की दम टाकते, ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी ओढत नाही. अशा वेळी जुना ड्रायव्हर इंजिनाला शिव्या देत बसत नाही, आधी डिझेल फिल्टरकडे बघतो. सपाटीवर इंजिनाला डिझेल थोडं लागतं आणि अर्धवट चोंदलेल्या फिल्टरमधूनही तेवढं मिळून जातं. भरल्या गाडीने चढ घेतला की मागणी कितीतरी पटीने वाढते, आणि मग फिल्टरने कधीपासून हात आखडता घेतलाय ते उघडं पडतं. आमच्या भागात फिल्टरची परीक्षा घाटच घेत आला आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत घाट बदलले नाहीत. गाडी, डिझेल आणि गाडीवरची माणसं मात्र बदलली.

डिझेल फिल्टरशी खान्देशाची पहिली ओळख ट्रकमुळे झाली असं नाही. ती विहिरीवर झाली. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. वीज पोहोचण्याआधी बागाईत पिकली ती अशाच इंजिनांवर. डिझेल यायचं पिंपात, पिंप राहायचं गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि इंजिनात ओतताना नरसाळ्यावर जुन्या धोतराची चौपदरी घडी. पिंपाच्या तळाचं चार बोटं डिझेल वापरायचं नाही, हे कुठल्याही पुस्तकात न वाचता शेतकऱ्याला ठाऊक होतं, कारण तळाशी पाणी आणि गाळ असतो. हेच शहाणपण पुढे ट्रकवर गेलं, कारण पहिले क्लीनर याच घरांतले पोरगे होते.

ट्रक म्हणजे अर्थातच टाटा-मर्सिडीज. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. १९६९ मध्ये तो संपला, तरी नाकाड्या तोंडाच्या त्या गाड्या रस्त्यावर पुढे कित्येक वर्षं दिसत होत्या. त्यांचा डिझेल पंप, नोझल आणि फिल्टर बहुतेक मायकोचे. ही कंपनी १९५१ मध्ये जर्मन बॉशच्या साथीने बंगळुरात उभी राहिली आणि पुढे नोझल बनवायला नाशिकच्या सातपूरला आली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजमध्ये अजून मायकोच म्हणतात.

त्या गाडीच्या इंजिनाला चिकटून फिल्टरच्या दोन वाट्या असायच्या. पहिलीत कापडाचा किंवा नमद्याचा फिल्टर, दुसरीत कागदाचा. कापडाचा स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवायचा, कागदाचा फेकायचा. निदान फेकायला हवा होता. पैशांची चणचण असली की तोही झटकून पुन्हा बसायचा, आणि त्याची किंमत पुढे डिझेल पंप दुरुस्त करणारा वसूल करायचा. वाटी उघडली की हवा शिरणार, म्हणजे एअर काढणं आलं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपावरचं हाताचं बटण दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग फुटकळ बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार लागली की स्क्रू आवळायचा. जोडातला तांब्याचा वायसर कडक झालेला असायचा. तो जाळावर लाल करून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ, पुन्हा कामाचा. एक वायसर किती वेळा जळायचा याला मर्यादा नव्हती.

या सगळ्यात रोजचं काम एकच होतं, आणि ते क्लीनरचं. सकाळी गाडी चालू करण्याआधी वाटीखालचा बोल्ट दोन आटे सैल करायचा आणि तळाचं पाणी सोडून द्यायचं. रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी खाली बसतं, कारण लिटरभर पाण्याचं वजन किलोभर आणि लिटरभर डिझेलचं सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास. एकदा गाडी हलली की दोन्ही घुसळून जातात, म्हणून हे काम पहाटेचंच. पाणी कुठून येतं, हा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो. काही पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून, विशेषतः पावसाळ्यात. बरंचसं मात्र हवेतून. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प असतं. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारी शर्ट चिकटतो आणि पहाटे धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरतो. थंडगार पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ओघळून तळाला जातं. कांद्याच्या भावाची वाट बघत बाजारात दोन-दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाकीत हा प्रकार जास्त. म्हणून जुने मालक संध्याकाळीच टाकी भरून ठेवायला सांगत. पैसे असतील तर.

मधल्या काळात डिझेलच बिघडलं. रेशनचं निळं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपयांच्या घरात आणि डिझेल चाळिशीत. एवढी फट असली की तिच्यात धंदा शिरणारच. आमच्या पट्ट्याला इंधन पुरवणारं मोठं ठाणं म्हणजे मनमाडजवळचं पानेवाडी, आणि त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जाळून मारलं. त्या दिवसानंतर रॉकेलचा विषय हसण्यावारी नेणं थांबलं. पण एक गोष्ट तेव्हाही फार थोड्यांना उमगली होती: रॉकेल फिल्टरमध्ये अडकत नाही. फिल्टर कचरा अडवतो, फार तर पाणी अडवतो. डिझेलमध्ये मिसळलेलं रॉकेल त्यातून सहज पार होतं, आणि डिझेलचा वंगणपणा नसल्यामुळे पंपाचे प्लंजर खाऊन टाकतं. फिल्टर नवा असूनही पंप गेला म्हणून फिल्टरवाल्याशी भांडणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांचं भांडण चुकीच्या दारात होतं.

खरी उलथापालथ झाली ती सरकारच्या प्रदूषणाच्या नियमांनी. डिझेलमधलं गंधक टप्प्याटप्प्याने उतरलं. नव्वदीच्या सुरुवातीला दहा लाख भागांत दहा हजार भाग गंधक चालायचं. भारत स्टेज चारमध्ये ते ५० वर आलं, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहामध्ये १० वर. १ एप्रिल २०१७ ला स्टेज चार देशभर लागू झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवस आधी जुन्या गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली होती, आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमांत उडालेली झुंबड पुष्कळांना आठवत असेल. वर्तमानपत्रांनी धुराबद्दल लिहिलं. गॅरेजवाल्यांच्या दृष्टीने मात्र बातमी धुराची नव्हती, दाबाची होती. जुन्या पंपाचं नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं. हे नियम पाळायला आलेल्या नव्या कॉमन रेल पद्धतीत डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने सुटतं. त्यासाठी इंजेक्टरमधल्या भागांमध्ये दोन-तीन मायक्रॉनचीच जागा ठेवावी लागते, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एवढ्या दाबाखाली पाण्याचा थेंब आला की तिथलं वंगण तुटतं, धातूला बारीक खड्डे पडतात, गाडी उभी राहिली तर गंज चढतो. एक इंजेक्टर गेला की पाच आकडी बिल.

म्हणून वॉटर सेपरेटर आला. टाकी आणि इंजिनाच्या मधे, बहुधा चासीला लावलेला, खाली पारदर्शक वाटी असलेला मोठा फिल्टर. त्याच्या कागदाला पाणी न धरणारा लेप असतो. डिझेल पार होतं, पाण्याचे बारीक कण एकमेकांना मिळून मोठे थेंब होतात आणि वाटीत पडतात. वाटीच्या तळाशी दोन टोकं असतात. डिझेल वीज वाहून नेत नाही, पाणी नेतं. पाण्याची पातळी टोकांना भिडली की ड्रायव्हरसमोर दिवा लागतो. साधी, हुशार रचना आहे.

तिने जुन्या सवयी मात्र उलट्या करून टाकल्या, आणि यात आमच्या कित्येक चांगल्या मेकॅनिकांचे हात भाजले. पूर्वी नवा फिल्टर बसवण्याआधी तो डिझेलने काठोकाठ भरून लावायचा, म्हणजे एअर काढायचा त्रास वाचतो, हे कुशल कारागिराचं लक्षण होतं. कॉमन रेलवर हेच नुकसानीचं काम ठरलं. डब्यातलं डिझेल मधल्या छिद्रातून ओतलं की ते न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जातं, आणि पुढे अडवायला काहीच नसतं. फिल्टर कोराच लावायचा आणि हातपंपाने भरायचा. धुऊन वापरणं संपलं, वायसर जाळणं संपलं, इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढणं तर जिवावरचं झालं, कारण त्या दाबाची धार कातडीत शिरते. हे सगळं शिकायला गावातल्या गॅरेजला वेळ लागला, आणि शिकवायला फारसं कोणी आलं नाही. बाजारात नकली फिल्टर याच काळात वाढले. खोका हुबेहूब, आत साधा पुठ्ठ्यासारखा कागद.

गुजरातच्या महामार्गांवर २०२०-२१ मध्ये बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच तेलं विकली गेली, तिथल्या सरकारला धाडी घालाव्या लागल्या. डिझेलपेक्षा स्वस्त म्हणून सीमेपलीकडे टाक्या भरून घेणाऱ्या गाड्यांचं व्हायचं तेच झालं. फिल्टरमध्ये चिकट गाळ, घाटात गाडी बंद. खरं बायोडिझेलसुद्धा साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं, आणि टाकीच्या तळाशी डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू वाढले की काळसर बुळबुळीत थर तयार होतो. तो कापडाने पुसून जात नाही, टाकी उतरवावी लागते.

आणि याच वर्षांत क्लीनर गाडीवरून उतरला. भाड्यात परवडत नाही, पोरं या कामाला येत नाहीत, आली तर वर्षभरात पिकअपचं स्टिअरिंग धरतात. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी आंदोलन केलं तेव्हा अवजड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढा, हीसुद्धा एक मागणी होती. मालकांचं गणित मला कळतं. पण त्या गणितात पहाटे बोल्ट सैल करणारा हात कुठेच मांडलेला नाही. पूर्वी रचना भोळी होती आणि तिच्यावर रोज कोणाची तरी नजर होती. आता रचना नामी आहे, नजर फक्त दिव्याची. दिवा लागला तरी एकटा ड्रायव्हर, ज्याला ठरलेल्या वेळेत वाशीच्या बाजारात पोहोचायचं आहे, तो ‘पुढे बघू’ म्हणतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पाणी काढण्याची पाच मिनिटं त्याच्या पगारात धरलेली नाहीत.

मालकांनी यंदाचा पावसाळा लागण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. सेपरेटरचं पाणी काढणं हे ड्रायव्हरचं ठरलेलं काम म्हणून सांगावं आणि त्याचे पैसे द्यावेत. फिल्टर पक्क्या पावतीने घ्यावा. आणि शंका आली तर काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन रात्रभर ठेवावं. सकाळी तळाशी पाणी दिसलं, तर ती बाटली घेऊन पंपावर जावं आणि टाकीतलं पाणी तपासून दाखवायला सांगावं. पट्टीला पेस्ट लावून ते तपासता येतं, आणि ग्राहकाने ते मागणं हा त्याचा हक्क आहे.