धातूचा माग (भाग ५) : अंगठी आणि चॉकलेटची चांदी

मागच्या भागात आपण अलेक्झांडर ग्रॅहम बेलपाशी थांबलो होतो. १८८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला तो आपलं यंत्र घेऊन गेला आणि गादीखालच्या पोलादी तारांनी त्याला चकवलं. यंत्राने धातू दाखवला होता, फक्त नको तो. दीडशे वर्षं होत आली, मेटल डिटेक्टर हातात मावू लागला, हौशी लोक तो खांद्याला अडकवून समुद्रकिनारे पालथे घालू लागले, पण दुखणं तेच राहिलं. यंत्राला धातू कळतो. अंगठी कळत नाही.

किनाऱ्यावर यंत्र वाजलं म्हणून वाळू उपसावी, तर बहुतेक वेळा हाती येते शीतपेयाच्या डब्याची कडी, बाटलीचं बूच, नाहीतर चॉकलेटच्या कागदाची चांदी. नवखा माणूस कंटाळतो आणि यंत्रावरची एक सोय वापरतो: अमुक प्रकारचे आवाज गाळून टाक. कचरा गप्प होतो. त्याच्याबरोबर सोनंही गप्प होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

असं का होतं ते पाहू. यंत्राच्या टोकाच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यात उलटसुलट वाहणारी वीज सोडली की खाली सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अशा बदलत्या क्षेत्राने तारेत वीज वाहू लागते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं. वाळूतल्या धातूतही तेच घडतं. त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र उभं राहतं आणि थाळीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. हा प्रतिसाद केवढा आहे, याइतकंच तो किती रेंगाळून येतो, हेही यंत्र पाहतं. चांदीच्या जाड नाण्यात प्रवाह बराच वेळ घुटमळतो, पातळ वर्खात लगेच विरतो. दागिन्यातलं सोनं शुद्ध नसतं. तांबं-चांदी मिसळली की त्याची वीजवाहकता चांगलीच घटते, त्यात अंगठी नाजूक असली की तिचा प्रतिसाद थेट वर्खाच्या आणि डब्याच्या कडीच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून मुरलेला शोधक काहीही गाळत नाही. वाजेल ते उकरतो. शंभर कड्या काढायची तयारी नसेल तर एकशे एकावी अंगठी आपली नाही, असा हिशेब.

आपल्याकडे पहिला प्रश्न येईल तो मंगळसूत्राचा. इथे दागिन्याचा घाट महत्त्वाचा ठरतो. प्रवाहाला फिरायला अखंड वळसा लागतो. बांगडी, पाटली ही बंद वर्तुळं, म्हणून ती खणखणीत बोलतात. साखळीची कडी न् कडी सुटी असते. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे मोठा वळसा बनतच नाही. तोळ्याची साखळी पाव तोळ्याच्या अंगठीपेक्षा क्षीण वाजते, ती यामुळे. मंगळसूत्र सापडलंच तर ते वाट्यांमुळे. काळे मणी आणि बारीक तार यंत्राच्या खिजगणतीत नसतात. जोडवी चांदीची, म्हणजे वीजवाहक म्हणून उत्तम, पण मागून उघडी. तिथे जाड तार थोडंफार सांभाळून घेते. नथीबद्दल तर फार आशा ठेवू नये. तिच्यात मोत्यांचाच थाट, सोनं तारेपुरतं.

आता किनारा. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल्या वाळूत साधं यंत्र उगाचच कुरकुरतं. कोकणात भर म्हणून जांभ्यातलं लोह आणि रत्नागिरीकडच्या काळ्या, इल्मेनाइटच्या वाळूचे पट्टे. अशा ठिकाणी विजेचा ठोका देऊन मग विरत जाणारा प्रतिसाद ऐकणारी यंत्रं किंवा एकाच वेळी अनेक कंप्रता वापरणारी यंत्रं जास्त चालतात. तरीही अंगठीएवढ्या वस्तूची मजल साधारण वीतभर खोलीची. आणि सोनं वीतभर थांबेलच असं नाही. बावीस कॅरेट सोनं वाळूच्या कणापेक्षा सहापटींहून जड. लाटेने वाळू ढिली झाली की अंगठी खाली सरकते, पुढच्या लाटेला आणखी थोडी, आणि खालचा घट्ट थर लागला की विसावते. याच जडपणावर आपल्याकडे एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. सराफांच्या दुकानांतली केरमाती आणि राख पाण्यात धुऊन सोनं वेगळं करणारे झारेकरी. मुंबईच्या झवेरी बाजारात अजूनही माणसं गटारातली माती घमेल्यात घोळवताना दिसतात. त्यांना वीज लागत नाही आणि साखळीचीही अडचण होत नाही.

पण माझ्या मते अंगठी सापडते ती यंत्राने नाही, त्याआधीच्या चौकशीने. ‘कुठे पडली?’ हा निरुपयोगी प्रश्न आहे. ते ठाऊक असतं तर माणूस शोधकाकडे आलाच नसता. चांगला शोधक दोन वेळांबद्दल विचारतो: बोटात शेवटची नक्की कधी पाहिली, आणि नाही हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मग मोबाइलमधले त्या दिवशीचे फोटो काढायला लावतो. चारच्या फोटोत अंगठी आहे, साडेपाचच्या फोटोत नाही, म्हणजे मधला दीड तास. त्या दीड तासात काय केलं? क्रीम चोळलं, टॉवेल झटकला, चेंडू फेकला, पाण्यात शिरलात? गार पाण्यात बोट आक्रसतं आणि एरवी साबण लावूनही न निघणारी अंगठी आपसूक निसटते. मग भरतीचं गणित. त्या वेळी पाणी कुठवर होतं, भांग होता की उधाण? कंबरभर पाण्यात पडलेली अंगठी सहा तासांनी कोरड्या वाळूत असू शकते. मगच दोरी ताणून पट्टे आखायचे आणि थाळीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत चालायचं.

हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपल्याकडे कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणतात. तो म्हणताना माणूस धावपळ थांबवून एका जागी बसतो. आजीला वस्तू सापडायची ती त्या बसण्यामुळे, असा मला संशय आहे.

अशी चौकशी करून अंगठ्या शोधून देणाऱ्यांची एक जगभरची यादी २००९ पासून चालते. ‘द रिंग फाइंडर्स’ तिचं नाव, सुरुवात कॅनडातल्या व्हँकुव्हरची. त्यातले बरेच जण ठरावीक मोबदला मागत नाहीत; सापडली तर मालक खुशीने देईल ते घेतात.

उलटी अडचण जास्त अवघड: अंगठी सापडली, पण कुणाची? अमेरिकन शाळा-कॉलेजांच्या अंगठ्यांवर संस्थेचं नाव, वर्ष, कधी आद्याक्षरंही असतात, त्यामुळे त्या अनेक दशकांनीही घरी पोचतात. आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलपासून सराफाने विकायच्या हॉलमार्क सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, अ‍ॅपवर तो घातला की सराफाची माहिती मिळते. मालकाचं नाव नव्हे, पण दार ठोठावायला एक पत्ता. दागिन्याचा फोटो मात्र सगळीकडे फिरवू नये. खूण मालकाने सांगायची असते. कायदाही वस्तू सापडलेल्या माणसाला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला पडलेल्या कष्टांसाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. जमिनीत दडलेलं धन निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे.

इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली होती. ती शोधायला त्याने एरिक लॉज या निवृत्त माळी मित्राला बोलावलं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी लॉज यांचं यंत्र वाजलं आणि वर आली चांदीची, सोन्याची नाणी, चमचे, दागिने. थोडं काढून त्यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो रोमन साठा रीतसर उकरला. जवळपास १५,००० नाणी, सोन्याची अंगसाखळी, बांगड्या. साठ्याचं मोल साडेसतरा लाख पौंड ठरलं आणि ते लॉज यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. एका बांगडीवर सोन्यातच अक्षरं कोरली आहेत: ज्युलियानाबाईंनी ही आनंदाने वापरावी, अशा अर्थाची. मालकिणीचं नाव इतकं स्पष्ट असलेला दागिना शोधकाला क्वचितच मिळतो. फक्त ज्युलियानाबाईंना जाऊन सोळाशे वर्षं झाली होती.

हातोडीही सापडली. ती आज त्या बांगडीबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

(पुढच्या आठवड्यात : वाळवंटातले भूसुरुंग आणि पोलंडचा लेफ्टनंट कोसात्स्की)