बंदिस्त वाफ्यातील पाणी : स्वयंचलित सिंचन आणि 'वाफसा' ही संकल्पना

प्रस्तुत लेखाचा विषय या ग्रंथाच्या प्रकृतीशी वरकरणी विसंगत वाटण्याचा संभव आहे. उत्तर अमेरिकेत बंद खोलीत, कृत्रिम प्रकाशाखाली, कधीही न नांगरलेल्या सेंद्रिय मातीच्या वाफ्यांत गांजाची झाडे वाढविणारे लोक त्या वाफ्यांना आपोआप पाणी कसे देतात, हा तो विषय होय. मात्र या व्यवहाराचे वर्णन करू लागताच ज्या एका शब्दावाचून अडते, तो शब्द इंग्रजीत नाही आणि मराठीत आहे. तो शब्द म्हणजे 'वाफसा'. तौलनिक अभ्यासात आपण बहुधा वाङ्मयीन संज्ञांच्या प्रवासाचा मागोवा घेतो. शेतीच्या संज्ञाही असाच प्रवास करतात आणि प्रवासात त्यांचे व्याकरणसुद्धा बदलते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम या व्यवहाराची पार्श्वभूमी. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी 2012 साली प्रौढांसाठी गांजा वैध ठरविण्याच्या बाजूने कौल दिला. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 पासून तो देशभर वैध केला आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावण्याची मुभा दिली. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली परवान्यावाचून ही लागवड करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन तेथील प्रथेचे आहे, येथील नव्हे. हे पीक घरात शिरले ते मुख्यतः बंदीच्या काळात, लपविण्याच्या गरजेपोटी. बंदी उठली तरी खोली राहिली. ही खोली वीज किती खाते, याचा अंदाज इव्हान मिल्स यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येतो: अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का या बंदिस्त लागवडीवर खर्च होत असल्याचे त्यांनी मांडले होते. निसर्गशेतीचे नाव घेणारी शेती अशा खोलीत व्हावी, यातील विसंगती लपविण्याचे कारण नाही.

या शेतीची वैचारिक वंशावळ मात्र खोलीबाहेरची आहे. एडवर्ड फॉकनर या अमेरिकन लेखकाने 1943 साली नांगरावरच आक्षेप घेणारे पुस्तक लिहिले. जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांचे काडातून क्रांती मांडणारे पुस्तक 1975 साली आले आणि 1978 साली त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जमीन नांगरू नये, रासायनिक खत देऊ नये, निंदणी करू नये, औषधे फवारू नयेत, ही त्यांची चार सूत्रे. विश्वभारतीने त्यांना 1988 साली 'देशिकोत्तम' देऊन गौरविले, हे केंद्रीय विद्यापीठातील वाचकांस स्मरत असेल. फुकुओकांचे 'काही न करणे' मराठीत आणताना एक गंमत घडते. आपण जमिनीच्या तयारीला 'मशागत' म्हणतो. तो शब्द अरबी 'मशक्कत' वरून आला, म्हणजे त्याच्या मुळाशी कष्टच आहेत. म्हणून 'शून्य मशागत' असे म्हटले की जमीन न उलथणे आणि कष्ट न करणे हे दोन्ही अर्थ एकदमच उमटतात. जपानी संकल्पनेतील जे इंग्रजीत विस्ताराने सांगावे लागले, ते येथे एका उसन्या शब्दाने आयतेच साधले जाते.

आता वाफ्याकडे वळू. सर्वसाधारण वाफा जाड कापडाचा, चार फूट लांब-रुंद आणि फूट-दीड फूट खोल असतो. त्यात पीट शेवाळ, कंपोस्ट अथवा गांडूळखत आणि हवा खेळती ठेवणारे प्यूमिस किंवा परलाइटसारखे सच्छिद्र खडे साधारण समप्रमाणात मिसळतात. त्यात समुद्रशेवाळाची व खेकड्याच्या कवचाची भुकटी पडते. निंबोळी आणि करंज पेंडही पडते, आणि 'करंज' हा शब्द तेथील उत्पादकांच्या तोंडी जसाच्या तसा बसला आहे. वर पेंढ्याचे आच्छादन आणि पांढऱ्या क्लोव्हरसारखे आच्छादनपीक. पीक निघाले की खोड जमिनीलगत कापतात, मुळे आत कुजू देतात आणि शेजारी नवे रोप लावतात. माती वर्षानुवर्षे तीच. खत असे फारसे दिले जात नाही. सूक्ष्मजीव आणि गांडुळे सेंद्रिय द्रव्य पचवून झाडाला पुरवितात, म्हणजे येथे झाडाऐवजी मातीला पोसावयाचे असते. साहजिकच पाण्याची चूक ही केवळ झाडाविषयीची चूक राहत नाही.

ही चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. पीट पूर्ण सुकले की पाणी झिडकारू लागते. वरून ओतलेले पाणी मग वाफ्याच्या कडांनी खाली उतरते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. माती सुकून पुन्हा भिजली की सूक्ष्मजीवांच्या हालचालीचा एकदम उसळा येतो आणि नत्र अचानक मोकळा होतो, एच. एफ. बर्च यांनी 1958 साली वर्णिलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उलट पाणी अधिक झाले तर ते तळाशी साचते. शेतात पाण्याला खाली खेचणारी मातीची अखंड खोली असते, फूटभर वाफ्यात ती नसते. म्हणून निचरा झाल्यावरही तळाचा थर संपृक्त राहतो, तेथे प्राणवायू संपतो आणि कुजकट वास येऊ लागतो. शेतातला अनुभव जसाच्या तसा खोलीत लागू पडत नाही, याचे हे मुख्य कारण होय.

म्हणून यंत्र. यंत्रांचे दोन गट पडतात आणि त्यांतील भेद तत्त्वाचा आहे. पहिल्या गटातील यंत्र घड्याळाकडे पाहते: ठरल्या वेळी झडप उघडते, ठरलेली मिनिटे पाणी पडते. हे घटिकापात्राचे वंशज. झाड लहान आहे की फुलोऱ्यात, खोलीत उष्मा आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. दुसऱ्या गटातील यंत्र मातीकडे पाहते. त्याचे मूळ रूप पुरातन आहे. चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील फान शेंगझी यांच्या कृषिग्रंथात, वेलीच्या मुळाशी पाण्याने भरलेले मातीचे मडके पुरण्याची पद्धत सांगितली आहे. मूळ ग्रंथ नष्ट झाला असून तो सहाव्या शतकातील दुसऱ्या एका ग्रंथातील उताऱ्यांमुळेच आपणांस उपलब्ध आहे. आपल्याकडचे मटका सिंचन याच जातीचे. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते आणि भोवतीची जमीन जितकी कोरडी तितके अधिक झिरपते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बर्टन लिव्हिंग्स्टन यांनी 1908 साली हेच तत्त्व सच्छिद्र मातीच्या पेल्यांच्या साहाय्याने प्रयोगशाळेत आणले.

आज या वाफ्यांत लोकप्रिय असलेले ऑस्ट्रियन 'ब्लूमाट' हे साधन त्याच मालिकेत बसते. पाण्याने भरलेला, हवाबंद केलेला एक चिनीमातीचा शंकू मातीत रोवतात. त्याच्या माथ्यावर लवचीक पडदा असतो आणि त्या पडद्याजवळून बारीक नळी जाते. माती सुकू लागली की ती शंकूतील पाणी शोषून घेते, आत ओढ निर्माण होते, पडदा खाली खेचला जातो आणि नळीवरची चिमट सुटून थेंब पडू लागतात. माती भिजली की पाणी शंकूत परत शिरते, पडदा वर येतो, नळी मिटते. वीज लागत नाही. टाकी थोडी उंचावर असली म्हणजे पुरे. मोजली जाते ती ओल नव्हे, ओलीला धरून ठेवणारी मातीची ओढ. शास्त्रात तिला ताण म्हणतात आणि ती मिलिबारमध्ये मोजतात. असे उत्पादक साधारण 100 मिलिबारच्या आसपासचा ताण राखू पाहतात. ही ओढ सुमारे एक मीटर उंच जलस्तंभाच्या दाबाइतकी असते. झाड कायमचे कोमेजण्याची मर्यादा याच्या दीडशेपट पुढे, 15,000 मिलिबारच्या घरात, मानली जाते. मराठीत 'ताण' हा शब्द बागाईतदारांना परकाच नाही: बहार धरण्यासाठी संत्र्या-डाळिंबाच्या बागेला 'ताण देतात', म्हणजे पाणी तोडतात. भौतिकशास्त्राचा ताण आणि बागेचा ताण एकाच शब्दात नांदतात, आणि येथे दोहोंचा अर्थही एकमेकांना लागून आहे.

ज्या अवस्थेसाठी हा सारा खटाटोप, तिचे नाव काय? मृदाशास्त्रात 'क्षेत्रक्षमता' अशी एक संज्ञा आहे. व्हाइमायर आणि हेंड्रिक्सन यांनी ती 1931 साली रूढ केली. भरपूर पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत जास्तीचे पाणी निचरून गेल्यानंतर जमिनीत उरणारे पाणी, असा तिचा अर्थ. ती पाण्याचे परिमाण सांगते, हवेविषयी थेट काही सांगत नाही. मराठी शेतकरी पावसानंतर जमिनीला 'वाफसा आला' असे म्हणतो, तेव्हा चिखल मोडला आहे, माती औताला चिकटत नाही, तरी आत ओल आहे आणि हवाही आहे, हे सर्व तो एका दमात सांगतो. 'वाफ' या शब्दाशी त्याचे नाते कानालाच जाणवते. वाफशाला वेळेचे अंग आहे. तो येतो, त्याची वाट पाहावी लागते, तो निघूनही जातो. 'पेरणीची घात साधणे' या प्रयोगातील घातही अशीच, हुकणारी.

हा शब्द मराठी प्रदेशाबाहेर गेला तो सुभाष पाळेकर यांच्यामुळे. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याच्या या कृषितज्ज्ञांनी (त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली) आपल्या नैसर्गिक शेतीचे चार आधार सांगितले: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. पहिली तीन नावे संस्कृत घडणीची, म्हणून कोणत्याही भारतीय भाषेत सहज मिसळणारी. चौथे ठेट मराठी. तरीही त्याचे भाषांतर झाले नाही. आंध्र प्रदेश आणि हिमाचल प्रदेशातील नैसर्गिक शेतीच्या साहित्यात ते तसेच पोहोचले, फक्त कोठे 'वाफसा', कोठे 'वापसा', कोठे 'व्हापासा' अशी त्याची लिपी डळमळत राहिली. पाळेकरांनी त्याचा अर्थही बदलला. त्यांच्या मते मातीच्या कणांमधील पोकळीत पाणी नव्हे, हवा आणि बाष्प असावे, आणि मुळे बाष्पच घेतात. मुळे प्रामुख्याने द्रवरूप पाणीच शोषतात असे वनस्पतिशास्त्र सांगते, त्यामुळे हे स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारणे अवघड आहे. परंतु अर्थपालटाच्या दृष्टीने जे घडले ते महत्त्वाचे आहे: पेरणीपूर्वीचा एक क्षण असलेला वाफसा पीक उभे असेपर्यंत टिकवावयाची स्थिती झाला. क्रियापदही बदलले. 'वाफसा येतो' हे अकर्मक वाक्य 'वाफसा राखा' असे सकर्मक आणि आज्ञार्थी झाले.

ऑस्ट्रियन शंकू नेमके तेच करतो. पाळेकरांचा आणि या खोल्यांचा परस्पर संबंध आला असल्याचा पुरावा प्रस्तुत लेखकास आढळलेला नाही, आणि तो सुचविण्याचाही हेतू नाही. फुकुओकांच्या शेतावर पाऊस पडत होता. 'काही न करणे' त्यामुळे शक्य होते. खोलीत पाऊस नाही, म्हणून तेथे काही न करण्यासाठी यंत्र लागते. वाट पाहण्याचे काम यंत्रावर सोपविले की वाट पाहण्याला बांधलेला शब्द स्थितिवाचक होणे अपरिहार्य होते.

तरी ही सोपवणूक पूर्ण होत नाही. शंकूत हवा शिरली की आतील ओढीचा पडद्याशी असलेला संबंध तुटतो, नळी मिटत नाही आणि रात्रभरात अख्खी टाकी वाफ्यात रिकामी होते. माती आकसून शंकूपासून सुटली, तरी यंत्र आंधळे होते. शिवाय यंत्र लावण्यापूर्वी वाफा हाताने भिजवून योग्य ओलीला आणावा लागतो. त्यानंतर माथ्यावरचा स्क्रू फिरवीत जावयाचे, नळीच्या टोकाशी थेंब लटकेल पण पडणार नाही अशा बिंदूवर थांबावयाचे, आणि मग ठरल्या खुणेपर्यंत किंचित आवळावयाचे. यंत्र पुढे जी ओल राखते ती या घटकेला मातीत असलेलीच ओल असते. ती बरोबर आहे की नाही, हे शंकू सांगत नाही. त्यासाठी मूठभर माती घेऊन दाबून पाहतात: गोळा बांधला जातो का, बोटांच्या फटींतून पाणी निथळते का, आणि अंगठ्याने टोचल्यावर तो गोळा फुटतो का.