दुसऱ्या डिस्कवरील जुनी संचालनप्रणाली

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे 90 किलोमीटरांवर वसलेले पानिपत मराठी वाचकास 1761 च्या रणसंग्रामामुळे ठाऊक असते. आज मात्र ते शहर जुन्या कपड्यांपासून सूत काढण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. परदेशांतून आलेल्या टाकाऊ कोट-स्वेटरांची तेथे रंगांनुसार निवड होते. उभ्या पात्यावर बटणे, चेन व अस्तरे कापून काढतात आणि मगच कापड फाडणाऱ्या यंत्रात जाते. आधी काय काढावयाचे, हे तेथील कामगारास नेमके ठाऊक असते. जुन्या संगणकाच्या बाबतीत हे ज्ञान तितके सार्वत्रिक नाही.

अशा एखाद्या गिरणीच्या कचेरीतील संगणक घेतला, तर विषय स्पष्ट होतो. विंडोज 10 ह्या संचालनप्रणालीचे मोफत साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. तेव्हा संगणकात नवी, वेगवान डिस्क बसवून तिच्यावर विंडोज 11 घातली गेली, आणि जुनी डिस्क साठवणीसाठी तशीच जोडलेली राहिली. तिच्यावर जुनी प्रणालीही राहिली. ती कित्येक गिगाबाइट जागा अडविते, आणि संगणक सुरू होताना कोणती प्रणाली हवी, असा प्रश्न रोज विचारला जातो.

ती काढण्यासाठी कोणी तिचा फोल्डर पुसू लागला, तर संगणक परवानगी नाकारतो. ह्यात बिघाड काहीही नाही. प्रत्येक फाइलचा मालक कोण व तिला हात कोणी लावावा, ह्याची नोंद त्या डिस्कवरच असते. प्रणालीच्या फाइलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाची अंतर्गत सेवा असते, माणूस नव्हे. नवी प्रणाली त्या नोंदी निष्ठेने पाळते. जुनी प्रणाली आता निरुपयोगी झाली आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. एकेक फाइल बळाने पुसण्यापेक्षा तो संपूर्ण विभाग नव्याने फॉरमॅट करणे सोपे पडते. तथापि घाई येथेच नडते.

संगणक चालू केल्याबरोबर संचालनप्रणाली आपोआप स्मृतीत येत नाही. तिला कोणीतरी आणावे लागते. 1983 पासून रूढ झालेल्या पद्धतीत हे काम डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांकडे असे. त्यांपैकी 446 बाइटांत आरंभीचा छोटा प्रोग्राम, 64 बाइटांत चार विभागांचा नकाशा आणि शेवटच्या 2 बाइटांत ओळखचिन्ह! अलीकडच्या यूईएफआय पद्धतीत ह्यासाठी स्वतंत्र लहान विभाग असतो. विंडोज तो बहुधा 100 मेगाबाइटांचा करते. आता, नवी प्रणाली घालताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर तिच्यावर आधीच असलेला हा विभाग पुष्कळदा तसाच वापरला जातो. परिणामी घर नव्या डिस्कवर आणि किल्ली जुन्या डिस्कवर, अशी स्थिती होते. जुनी डिस्क समूळ पुसली, की दुसऱ्या दिवशी कचेरीत काळा पडदा दिसतो.

नावांचा घोळ ह्यात भर घालतो. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत आरंभीच्या फाइली असलेल्या विभागास ‘सिस्टिम’ म्हणतात आणि प्रत्यक्ष संचालनप्रणाली असलेल्या विभागास ‘बूट’! सामान्य बुद्धीस जे वाटेल, त्याच्या नेमके उलट.

खात्री करण्याचा प्रयोग सोपा आहे. डिस्कवर सांकेतिक कुलूप असल्यास त्याची पुनःप्राप्ती-किल्ली प्रथम कागदावर उतरवून घ्यावी. मग संगणक बंद करून वीज तोडावी, जुन्या डिस्कची तार काढावी व संगणक सुरू करावा. तो नेहमीप्रमाणे चालला, तर नवी डिस्क स्वयंपूर्ण आहे. न चालल्यास तार पुन्हा जोडावी, नव्या डिस्कवर थोडी जागा मोकळी करून तेथे आरंभविभाग निर्माण करावा, आणि ‘बीसीडीबूट’ ह्या आज्ञेने त्यात फाइली उतरवाव्यात. नंतर तोच प्रयोग पुन्हा करावा.

ह्याहून मोठे नुकसान कागदपत्रांचे होऊ शकते. वापरणाऱ्याची पत्रे व छायाचित्रे जुन्या ‘यूजर्स’ फोल्डरात असतात; हिशेबाच्या वह्या मात्र प्रोग्रामने कोठे ठेविल्या, हे कारकुनासही पुष्कळदा ठाऊक नसते. आणि 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात. म्हणून त्यांची प्रत तिसऱ्याच एखाद्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. नुसती प्रत झाली, एवढ्यावर विसंबू नये.

एवढे झाल्यावर फॉरमॅट करण्यास हरकत नाही. शीघ्र प्रकारात केवळ अनुक्रमणिका नवी होते. मजकूर तबकडीवर तसाच राहतो व जाणकारास तो वाचता येतो. डिस्क कचेरीतच राहणार असेल, तर एवढे पुरे. ती भंगारवाल्याकडे जाणार असेल, तर पूर्ण प्रकार निवडावा. त्यात सर्वत्र शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, तेव्हा हे काम संध्याकाळी लावून ठेवणे सोयीचे. अखेरीस ‘एमएसकॉन्फिग’ उघडून प्रारंभीच्या यादीतील जुन्या प्रणालीचे नाव काढले, की रोजचा तो प्रश्न थांबतो.