चौथ्या नावाच्या जागी तारका

बर्लिन : जर्मन अ‍ॅथलेटिक्सच्या विक्रमांत क्लब रिलेची एक जुनी नोंद आहे. एरफुर्ट, २ जून १९८४, महिलांची ४ बाय १०० मीटर, वेळ ४२.२० सेकंद. चौघीही येना शहरातल्या एस. सी. मोटर क्लबच्या. बेर्बेल व्योकेल, इन्ग्रिड आउअर्सवाल्ड आणि मार्लिस ग्योर ही तीन नावे नोंदीत आहेत, चौथ्या नावाच्या जागी तारका आहे.

ती धावपटू इनेस गायपेल, तेव्हाची इनेस श्मिट. १९६० साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेली. आपले नाव काढून टाका, अशी मागणी २००५ मध्ये तिने स्वतः केली, कारण तो विक्रम उत्तेजकांच्या जोरावर झाला होता आणि ती उत्तेजके धावपटूंवर लादली गेली होती.

हे समजायला पूर्व जर्मनीचा कारभार समजून घ्यावा लागतो. तिथे पदके ही सरकारी योजना होती. १९७४ पासून ‘राज्य योजना विषय १४.२५’ या कोरड्या नावाखाली क्लबांतून ओराल-टुरिनाबोलच्या निळ्या गोळ्या पोचत. त्यांत पुरुषी संप्रेरकासारखे द्रव्य असे. प्रशिक्षक त्यांना ‘साहाय्यक साधने’ म्हणत आणि कित्येक मुलींना ती जीवनसत्त्वे वाटत. गोळ्या बनवणारा येनाफार्मचा कारखाना येनातच होता. घेणाऱ्यांत शाळकरी मुली होत्या, हे मला सर्वांत भयंकर वाटते. यकृताचे, हृदयाचे, गर्भाशयाचे आजार पुढे त्यांच्याच वाट्याला आले.

१९८९ च्या उन्हाळ्यात गायपेल हंगेरीमार्गे पश्चिमेला निसटली. पुढे ती लेखिका झाली, बर्लिनच्या एर्न्स्ट बुश नाट्यविद्यालयात प्राध्यापक झाली. २००० साली इथल्या न्यायालयात पूर्व जर्मन क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर दोषी ठरले. त्या खटल्यात ती सहफिर्यादी होती. शिक्षा मात्र दोघांनाही निलंबितच झाली, एवाल्डला बावीस महिन्यांची. २०१३ ते २०१८ या काळात ती उत्तेजकपीडितांच्या मदत संघटनेची अध्यक्ष होती. त्याच काळात, २०१६ मध्ये, नव्या कायद्याने पीडितांना प्रत्येकी १०,५०० युरो मंजूर झाले. उद्ध्वस्त शरीराला ही रक्कम फारच तोकडी आहे, पण सरकारने अन्याय कबूल केला, याला मी मोल देतो.

जुने आकडे मात्र पुसले गेलेले नाहीत. ४ बाय १०० चा जर्मन विक्रम आजही पूर्व जर्मनीच्या संघाचा आहे : १९८५, कॅनबेरा, ४१.३७. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आलेक्सांड्रा बुर्गहार्ट, लिझा मायर, गिना ल्युकेनकेंपर आणि रेबेका हासे यांनी ४१.९७ सेकंदांत ब्राँझ जिंकले. या प्रकारातले जर्मन महिलांचे ऑलिंपिक पदक त्याआधी १९८८ मध्ये आले होते, तेही पूर्व जर्मनीचे. पॅरिसच्या या चौघींची तुलना अजूनही त्या योजनेच्या काळातल्या वेळांशी होते, हे मला अन्यायाचे वाटते. गायपेलने एका नोंदीतून आपले नाव मागे घेतले. बाकीच्या नोंदींचा निर्णय क्रीडा महासंघांनी घ्यायचा आहे आणि त्यांनी तो अजून घेतलेला नाही.