भाग: पायवाटेला पैसे कुठून येतात? डहाणू-तलासरीचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग, थोडा साफसूफ करून. आजचा प्रश्न असा: डहाणू-तलासरीत चालायला, सायकल चालवायला वाटांचं जाळं करायचं, तर परवानगी कुणाची आणि पैसे कुणाचे?

मी सॉफ्टवेअरवाला. फोनवर जीपीएस लावून वाटा मोजत सुटलो आणि नकाशा झाला की अर्धं काम झालं असं धरून चाललो. एका पाड्यावर एक आजी म्हणाल्या, "वाट तर आहेच. रुंद केलीत तर गाडी येईल, गाडीमागून जमीन बघणारे येतील." तो नकाशा मी त्या दिवशी कुठेच अपलोड केला नाही.

बोर्डीकडून अस्वाली धरणाच्या बाजूने बहारोटच्या गुंफांकडे जाणारी वाट घ्या. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी १२ वर्षं याच डोंगरात जपला, अशी परंपरा आहे. ट्रेकर येतात, पण त्यांच्या आधीपासून लाकूडफाट्याला, गुरांमागे माणसं याच बाजूने चालताहेत. म्हणजे आपण 'ट्रेल' म्हणतो ती कुणाची तरी रोजची ये-जा असते.

आता कायदा. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणून पेसा लागू, आणि सुरुवात ग्रामसभेपासून. डहाणू तालुका शिवाय १९९१च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला. जमीन वनखात्याची असेल तर २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बघायचं. त्यात १३ सार्वजनिक सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, आणि हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. यादीत 'रस्ते' आहेत, 'पायवाट' हा शब्द नाही, त्यामुळे पायवाटेचा प्रस्ताव यात बसवायचा तर आधी वनखात्याशी बोलून घ्यावं लागेल.

इथे मला गणित आवडलं. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. वाट दीड मीटर रुंद ठेवली तर ६ किलोमीटरला ९,००० चौरस मीटर लागतात, म्हणजे मर्यादेत. तीच ३ मीटर केली तर सव्वातीन किलोमीटरच्या आसपासच मर्यादा संपते. आजींचं म्हणणं आणि हा आकडा एकाच बाजूला जातात! अर्थात सगळ्यात बरं म्हणजे आहे ती वाट आहे तेवढीच ठेवून फक्त घसरणारे टप्पे नीट करायचे. मग जमीन वळवण्याचा प्रश्न बहुतेक उरतच नाही.

पैशाचं काय? पायवाट असं शीर्षकच सापडत नाही, म्हणून तुकडे जोडावे लागतात. रोजगार हमीत मजुरी-सामानाचं प्रमाण ६०:४०. मातीकाम, दगडी पायऱ्या, पाणी काढणारे चर यात मजुरीच जास्त, म्हणून ते तिथे बसू शकतं. पेसा गावांना २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि वन्यजीव पर्यटन, वनउपजीविका हीसुद्धा त्यातली खर्चाची बाब आहे. खुणेचे दगड, पाट्या, गावातल्या वाटाड्यांचं प्रशिक्षण यासाठी मी तो मागेन. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२६पर्यंत) ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते; वाटेच्या सुरुवातीचं शौचालय वित्त आयोगाच्या अशाच पैशातून.

हे सगळं बांधण्यापुरतं झालं. पावसानंतर गवत कापायचं, वाहून गेलेली पायरी परत बसवायची, याचे पैसे मात्र दरवर्षी लागतात आणि उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाहीत. (आमच्या कोडसारखंच आहे हे, फीचरला टाळ्या, मेंटेनन्सला कुणी नाही.) माझ्या मते वाटाड्याच्या फीतला एक हिस्सा गावाच्या खात्यात आधीच ठरवून ठेवावा. ते जमत नसेल तर ती वाट जाळ्यात घेऊच नये. तीन सांभाळलेल्या वाटा दहा विसरलेल्यांपेक्षा बऱ्या.

नकाशा अजून माझ्याच लॅपटॉपवर आहे. पुढच्या ग्रामसभेला तो छापून नेतोय. कुठली वाट दाखवायची, कुठली खोडायची, हे तिथेच ठरेल. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.