धडा शाळेत, परीक्षा घंटागाडीवर

कापडाच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की बरेच काही निघते. कापडाची कात्रणे, गठ्ठ्याचे पुठ्ठे, प्लॅस्टिकची वेष्टने. हे सारे एका डब्यात जायचे आणि त्यावर उरलेला चहा ओतला जायचा. इतकी वर्षे आम्हीही हेच करीत आलो.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातील शाळेत पालिकेची माणसे आली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे त्यांनी मुलांना चित्रे दाखवून समजावले. संध्याकाळी आमचा नातू दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, चिंध्यांवर चहा टाकू नका. त्या कुणाच्या तरी कामाच्या आहेत." आम्ही दोन डबे आणले. चौथ्या दिवशी घंटागाडी आली आणि दोन्ही डबे एकाच ढिगात ओतले गेले. नातू पाहत उभा होता. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने डब्यांची चौकशी केली नाही.

पालिकेने शिकवावे, हा काही नवा उपकार नव्हे. घनकचऱ्याचे नियम देशात 2000 साली आले, तेव्हाच लोकांमध्ये जागृती करण्याची आणि कचऱ्याच्या पुनर्वापराला उत्तेजन देण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली गेली. 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. म्हणजे शिकवणे हे अर्धे काम. शिकवल्याप्रमाणे कचरा उचलणे हे उरलेले अर्धे. दुसरे अर्धे झाले नाही तर पहिलेही वाया जाते.

हे जमू शकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. तेथे 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचा तिला मोठा आधार होता. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. या संस्थेच्या सभासद, ज्यात बहुसंख्य महिला आहेत, दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. घरमालक त्यांना दरमहा शुल्क देतो आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांच्याच हाती राहतात.

आमच्या मते खरी गोम येथेच आहे. माल भिजला तर नुकसान त्या बाईचे. म्हणून ती रोज दारात उभी राहून सांगते, "ताई, हे वेगळे ठेवा." वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही मोहीमही याच महिलांच्या गरजेतून आली, कारण ते उघडे हातांनी निवडावे लागत होते. वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबाच्या भाषणापेक्षा रोज दारात येणाऱ्या माणसाचे बोलणे घरात अधिक टिकते.

व्यापारी बंधूंनी आता आपल्या धंद्याचा हिशेब पाहावा. कोरडी, स्वच्छ सुती कात्रणे कारखान्यांत यंत्रे पुसायला लागतात. जुन्या लोकरी कपड्यांचे पानिपतात पुन्हा सूत होते आणि त्याची ब्लँकेटे बनतात. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये कागझी घराणी होजिअरीच्या सुती कात्रणांपासून हातकागद बनवितात. आपल्या महाराष्ट्रातही दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव याच कसबावरून पडले. टाकाऊ चिंधीचा कागद करणारे हे कारागीर आपल्याच बिरादरीतले. तेव्हा पुनर्वापर ही कुणी बाहेरून आणलेली फॅशन आहे, असे आपण तरी म्हणू नये. भंगार, रद्दी आणि चिंधीच्या व्यापारावर आपल्या किती घरांची चूल पेटते, हे वेगळे सांगायला नको. मात्र त्याच चिंधीवर चहा सांडला, भाजीचा लगदा पडला, की ती कुजते आणि कुणी घेत नाही.

पालिकेकडे आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. शाळेत धडा देण्यापूर्वी त्या भागातील गाडीला दोन कप्पे करावेत. माहितीपत्रके मराठीबरोबर उर्दूतही छापावीत, कारण आमच्या मोहल्ल्यातील अनेक माताभगिनींचे शिक्षण उर्दूतून झाले आहे. आणि शाळेत बोलायला अधिकाऱ्याबरोबर एखादा भंगारवाला, एखादी कचरा वेचणारी बाईही आणावी. कोणत्या मालाला किती भाव मिळतो, हे मुलांना तेच नीट सांगू शकतील.

आणि आपण? गाडी सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आम्ही आता कात्रणांसाठी एक पोते वेगळे ठेवले आहे. सुती एकीकडे, सिंथेटिक दुसरीकडे. महिन्याला गल्लीतला भंगारवाला येऊन दोन्ही वजन करून नेतो. रक्कम मोठी नाही, चहापाण्यापुरती आहे. ती आम्ही नातवाच्या हातात देतो. पहिल्यांदा दिली तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे शाळेत सांगितले ते खरे होते?" आम्ही हो म्हणालो. आता पालिकेच्या गाडीनेही त्याला तेच उत्तर द्यावे.